अवकाशातील हलकी उपकरणे आणि एका शून्याचा उलगडा

पावसाचा अंदाज सांगताना उपग्रहाने टिपलेल्या ढगांच्या चित्राचा उल्लेख करणे आता खेड्यापाड्यांतही नित्याचे झाले आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अशा वेळी शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. एवढ्या उंचीवर सोडलेल्या यंत्राने जे कळविले ते खरे कशावरून मानावयाचे? ते बिघडले आहे की नीट चालू आहे, हे पाहावयास तेथे कोण जातो? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कृत्रिम उपग्रहांच्या अगदी आरंभीच्या काळात, १९५८ साली, तो नामांकित पदार्थवैज्ञानिकांनाही पडला होता. आणि त्याचे उत्तर शोधता शोधता पृथ्वीभोवतीच्या अवकाशाविषयीची त्यांची समजूतच बदलून गेली.

हे काम ज्या मंडळींनी केले ती अमेरिकेतील आयोवा राज्याची. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरांची पैदास यांसाठी प्रसिद्ध असलेला, काळ्या कसदार मातीचा मुलूख. त्याला समुद्रकिनारा नाही व अग्निबाण उडविण्याचा तळही तेथे नव्हता. तरीही तेथील विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाच्या तळघरात अवकाशात पाठवावयाची उपकरणे तयार झाली. ती कशी तयार झाली व इतकी लहान का करावी लागली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

जेम्स ॲल्फ्रेड व्हॅन ॲलन यांचा जन्म १९१४ साली आयोवातील माउंट प्लेझंट या लहानशा गावी झाला. आयोवा विद्यापीठातून १९३९ साली त्यांनी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. डॉक्टरेट मिळाली म्हणजे शिक्षण संपले, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यानंतर काही वर्षे एखाद्या नामांकित संस्थेत अधिछात्रवृत्तीवर काम करण्याचा प्रघात पाश्चात्य देशांत पूर्वीपासून आहे व आता तो आपल्याकडेही रूढ झाला आहे. या काळात परीक्षा नसते आणि वर्गावर शिकविण्याचे ओझेही सहसा नसते. जाणत्या माणसांच्या शेजारी बसून काम करावयाचे आणि आपला हात बसवून घ्यावयाचा, एवढेच असते. कारागिराचा मुलगा घरचे सारे काम शिकल्यावरही दुसऱ्या गावच्या कसबी माणसाकडे चार वर्षे राहून येतो, त्यातलाच हा प्रकार.

व्हॅन ॲलन अशा अधिछात्रवृत्तीवर वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेच्या भूचुंबकत्व विभागात आले. त्यांचा विषय अणुगर्भाचा होता. परंतु त्या विभागात पृथ्वीच्या चुंबकत्वाचा व विश्वकिरणांचा अभ्यास करणारी स्कॉट फोरबुश यांच्यासारखी मंडळी काम करीत होती. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र येणारे अतिवेगवान, विद्युत्भारित सूक्ष्म कण. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक असल्यामुळे ती या कणांना वळविते, हे तेथे व्हॅन ॲलन यांच्या कानावर रोज पडू लागले आणि त्यांना त्या विषयाची गोडी लागली.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. १९४० साली त्याच विभागातील मर्ल ट्यूव्ह यांच्या नेतृत्वाखाली एक गुप्त काम सुरू झाले. उडत्या विमानाला तोफेचा गोळा नेमका लागणे फार कठीण असते. पण गोळा विमानाच्या जवळ पोहोचताच आपोआप फुटला तर नेम थोडा चुकला तरी चालेल. त्यासाठी गोळ्याच्या टोकात एक छोटे बेतार यंत्र बसवावयाचे आणि त्याच्या लहरी विमानावर आपटून परत येताच त्याने स्फोट घडवावयाचा, अशी योजना होती. अडचण होती ती यंत्राची. त्या काळी बेतार यंत्र काचेच्या निर्वात नलिकांवर चाले. जुन्या रेडिओत ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणत असू, त्याच या नलिका. तोफेतून सुटताना गोळ्याला जो झटका बसतो तो पृथ्वीच्या आकर्षणाच्या सुमारे वीस हजार पट असतो. म्हणजे दहा ग्रॅम वजनाची नलिका त्या क्षणी दोन क्विंटलांचा भार होऊन स्वतःवरच कोसळते. काच टिकली तरी आतील केसासारखा तंतू कसा टिकावा?

कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांसाठी त्या सुमारास लहान नलिका निघाल्या होत्या. त्यांपासून आरंभ करून नलिका अधिक मजबूत करण्याचे काम चालले. परीक्षेची पद्धत अगदी रांगडी होती. मोकळ्या रानात तोफ उभी करून नलिका ठेवलेले गोळे सरळ आकाशात उडवावयाचे, ते खाली पडले की जमीन खणून बाहेर काढावयाचे, व आतील नलिका शाबूत आहे की नाही ते पाहावयाचे. किती नलिका फुटल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. व्हॅन ॲलन यांचा या कामात मोठा वाटा होता, आणि पुढे आरमारी अधिकारी म्हणून पॅसिफिक महासागरात जाऊन हे गोळे वापरण्याचे शिक्षणही त्यांनी नौकांवरील तोफखान्यास दिले. काम संहाराचे होते, हे खरेच. परंतु नाजूक विद्युत्‌यंत्र लहान कसे करावे, ते भयंकर हादऱ्यातून वाचवावे कसे, आणि कोणी हात न लावता ते आपले काम कसे करील, हे त्यांना येथे पक्के समजले. चुंबकत्वाची गोडी आणि लहान यंत्राचे कसब या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत त्यांच्या पदरात पडल्या होत्या.

संत्र्याच्या रसाचे डबे

युद्धानंतर जर्मनांकडून मिळालेले व्ही-२ अग्निबाण न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून उडविण्यात येऊ लागले, तेव्हा व्हॅन ॲलन यांनी त्यांतून विश्वकिरण मोजणारी उपकरणे वर पाठविली. १९५१ साली ते आयोवा विद्यापीठात विभागप्रमुख म्हणून परतले. तेथे पैसा बेताचा होता. मोठे अग्निबाण परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी एक स्वस्त तोड काढली. लहानसा अग्निबाण मोठ्या फुग्याला टांगावयाचा, फुगा त्याला दाट हवेच्या वर, सुमारे वीस किलोमीटर उंच नेईल, आणि मग घड्याळयंत्राच्या साहाय्याने अग्निबाण पेटवावयाचा. हवेचा विरोध मागे राहिल्यामुळे लहान अग्निबाणही तेथून बराच उंच जातो.

१९५२ च्या उन्हाळ्यात ग्रीनलंडजवळच्या समुद्रात नौकेवरून हे प्रयोग सुरू झाले. पहिले दोन अग्निबाण पेटलेच नाहीत. वरच्या कडाक्याच्या थंडीने घड्याळयंत्र अडत असावे असा व्हॅन ॲलन यांनी तर्क केला. नौकेवर संत्र्याच्या रसाचे डबे होते. ते तापवून त्यांनी तिसऱ्या अग्निबाणाच्या उपकरणांशेजारी ठेवले व भोवती उबदार वेष्टण गुंडाळले. तो अग्निबाण ठरल्याप्रमाणे पेटला. विदर्भातील संत्रा-बागाइतदारांना ही हकिगत ऐकून मौज वाटेल. परंतु तिच्यात युक्तीबरोबर शिस्तही आहे. यंत्र का चालले नाही याचा एक तर्क बांधला, तेवढीच एक गोष्ट बदलली, आणि परिणाम पाहिला. खताचा किंवा वाणाचा प्रयोग शेतात घेताना आपण नेमके हेच करावे लागते.

ग्रॅम ग्रॅम वाचविणे

१९५७ च्या जुलैपासून १९५८ अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळण्यात आले. त्यात कृत्रिम उपग्रह सोडण्याचे ठरले होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला उपग्रह सोडून आघाडी घेतली. अमेरिकेचा व्हॅनगार्ड अग्निबाण ६ डिसेंबर रोजी जमिनीवरच पेटून कोसळला. तत्पूर्वीच लष्कराच्या अग्निबाण-पथकास दुसरा प्रयत्न करण्याची परवानगी देण्यात आली होती, आणि परवानगीपासून ८४ दिवसांत, ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री, फ्लोरिडातून एक्सप्लोरर-१ आकाशात गेला. व्हॅन ॲलन यांनी दूरदृष्टीने आपले उपकरण दोन्ही अग्निबाणांत बसेल अशा बेताने आखून घेतले होते. त्यामुळे ऐन वेळी धावपळ झाली तरी खोळंबा झाला नाही.

उपग्रहाच्या बाबतीत वजनाचा हिशेब किती कडक असतो, ते आकड्यांवरून लक्षात येईल. उड्डाणाच्या वेळी अग्निबाणाचे वजन सुमारे २९ टन होते आणि त्याने कक्षेत नेऊन पोहोचविले ते अवघे १३.९७ किलो. म्हणजे वर जाणाऱ्या प्रत्येक किलोमागे खाली दोन टनांहून अधिक सरंजाम. त्या चौदा किलोंतही शेवटच्या टप्प्याचे रिकामे नळकांडे धरलेले आहे. उपकरणांचा भाग ८.३ किलोंचा होता व त्यातील सुमारे ४० टक्के वजन विजेच्या घटांचे. उरलेल्या चार-पाच किलोंत गणक, तापमापक, उल्काधूळ मोजण्याची सोय आणि दोन प्रेषक बसवावयाचे होते. थोर प्रेषकाची शक्ती ६० मिलिवॅट व लहानाची १०. हातातील विजेरीचा दिवा यापेक्षा कितीतरी अधिक वीज खातो.

विश्वकिरणांचे उपकरण तयार करण्याचे काम जॉर्ज लुडविग या विद्यार्थ्याकडे होते. हे आयोवातील टिफिन गावाजवळच्या शेतावर वाढलेले. काही वर्षे विमानदलात नोकरी करून मग ते विद्यापीठात आले होते. त्यांनी निर्वात नलिकांना रजा दिली व सगळी मांडणी ट्रँझिस्टरवर केली. ट्रँझिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात लागला होता, म्हणजे ही वस्तू तशी नवीच होती. नलिकेतील तंतू सतत तापवावा लागतो, त्यात घटांतील बरीचशी वीज खर्ची पडते. ट्रँझिस्टर हा जर्मेनियम किंवा सिलिकॉन या पदार्थाचा इवलासा तुकडा असतो. त्याला तापविणे नको, काच नको, पोकळी नको. त्याचा दोष असा की, विशेषतः जर्मेनियमचा ट्रँझिस्टर, फार उष्णतेत बिघडतो. उपग्रह एकदा उन्हात व एकदा पृथ्वीच्या सावलीत असा फिरतो. म्हणून एक्सप्लोररच्या अंगावर पांढरे पट्टे ओढून आतील तापमान बेताचे ठेवण्यात आले. पत्र्याला चुना लावून आपण घर थंड ठेवतो, तत्त्व तेच. सबंध एक्सप्लोरर-१ मध्ये उल्काधूळ-मापकाचे सोडून फक्त २९ ट्रँझिस्टर होते. आजच्या साध्या मोबाइल दूरध्वनीत ते अब्जांनी मोजावे लागतात.

गणक शून्य दाखवितो

मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे गायगर गणक. एका धातूच्या नळीत विरळ वायू भरलेला असतो. बाहेरून वेगवान कण आत शिरला की वायूतून विजेचा एक ठोका उमटतो. ठोके मोजले की कण मोजले गेले.

एक्सप्लोरर-१ ची कक्षा लांबट होती. जमिनीपासून जवळात जवळ सुमारे ३६० आणि दूरात दूर सुमारे २,५५० किलोमीटर. कमी उंचीवरून जाताना गणकाने अपेक्षेप्रमाणे नोंदी दिल्या. परंतु दक्षिण अमेरिकेवरून, जास्त उंचीवरून जाताना, जमिनीवरील केंद्रांना जे संदेश मिळाले त्यांत गणकाची नोंद शून्य होती. उंच जावे तसे विश्वकिरण कमी होण्याचे काहीच कारण नव्हते. मग एक तर गणक बंद पडला असावा. पण खाली उतरताच तो पुन्हा नीट चालू लागे! बिघडलेले यंत्र असे वेळापत्रक धरून बिघडत नाही.

येथे दुसरी उणीव आडवी आली. उपग्रह एखाद्या केंद्राच्या टप्प्यात असेल तेवढीच काही मिनिटे त्याचा संदेश ऐकू येई. बाकीच्या वेळी तो काय मोजीत होता याचा पत्ताच नसे. नोंदवहीतील चार पाने वाचावयास मिळावीत आणि मधली वीस फाडलेली असावीत, तशी ही स्थिती होती. लुडविग यांनी यावर उपाय आधीच तयार केला होता. तो म्हणजे तळहातावर मावेल असा फीतनोंदक. एक्सप्लोरर-१ च्या घाईत तो बसविता आला नव्हता. त्यात चुंबकीय फीत दर सेकंदास एक पाऊल पुढे सरके व गणकाची नोंद तिच्यावर उमटे. फीत पुढे सरकताना एक स्प्रिंग गुंडाळली जात असे. जमिनीवरून हुकूम मिळाला की अटकाव सुटून त्या स्प्रिंगच्या जोरावर फीत सर्रकन मागे धावे आणि जवळजवळ दोन तासांच्या फेरीची हकिगत काही सेकंदांत खाली सांगून टाकी. मागे धावण्यासाठी वेगळी मोटर नको, वेगळी वीज नको. लहान यंत्र बनविण्याची कला म्हणतात ती ही. एकेक भाग काटकुळा करीत बसण्यापेक्षा एका भागाकडून दोन कामे घेणे अधिक श्रेयस्कर.

५ मार्चला सोडलेला एक्सप्लोरर-२ कक्षेत पोहोचला नाही. २६ मार्च १९५८ रोजी फीतनोंदकासह एक्सप्लोरर-३ गेला, आणि त्याने पहिल्यांदाच संपूर्ण फेरीची सलग नोंद दिली. व्हॅन ॲलन यांना तिचा कागद वॉशिंग्टन येथे मिळाला. औषधांच्या एका दुकानातून त्यांनी आलेखाचा कागद विकत आणला आणि हॉटेलातील खोलीत बसून रात्री उशिरापर्यंत एकेक बिंदू मांडीत गेले. आलेख असा निघाला : आरंभी सेकंदाला पंधरा-वीस ठोके, मग उंची वाढताच नोंद झपाट्याने वर चढते, उपकरणाच्या मर्यादेला जाऊन भिडते, आणि तेथून एकदम शून्यावर कोसळते. सुमारे पंधरा मिनिटे शून्य. त्यानंतर पुन्हा मर्यादेपर्यंत उसळी आणि हळूहळू पूर्वस्थिती. शून्याच्या दोन्ही बाजूंना असे उंच कठडे उभे होते. सोव्हिएत उपग्रहांच्या मानाने क्षुल्लक दिसणाऱ्या त्या उपकरणाने या कठड्यांमुळे आपले म्हणणे स्पष्ट केले.

इकडे आयोवात कार्ल मॅकइल्वेन या विद्यार्थ्याने शिल्लक असलेला तसाच गणक घेतला व क्ष-किरणांच्या यंत्रासमोर धरला. क्ष-किरण वाढवीत नेले तसे ठोके वाढत गेले, आणि एका हद्दीनंतर नोंद शून्य झाली. अर्थ उघड झाला. वरचे शून्य म्हणजे कणांचा अभाव नव्हता. कण इतके प्रचंड होते की गणक गुदमरून गेला होता.

मेंढवाड्याचे उदाहरण घ्या. फाटकातून मेंढरे एकेक सोडली तर मोजणारा प्रत्येकामागे एक खडा टाकतो. दोन मेंढरांमध्ये फट दिसते म्हणून मोजणी होते. सगळा कळप एकदम फाटकात दाटला तर फटच उरत नाही आणि मोजणाऱ्याच्या हातातील खडा हातातच राहतो. झोळीत पाहावे तर खडे नाहीत. म्हणून फाटकातून मेंढरू गेले नाही असे कोणी म्हणेल काय?

महाराष्ट्रात महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली आहेत व त्यांच्या पर्जन्यनोंदींवर पीकविम्यासारख्या महत्त्वाच्या गोष्टी अवलंबून असतात. अशा पर्जन्यमापकात पालापाचोळा किंवा पक्ष्याची विष्ठा अडकली, तर धो धो पावसातही तो शून्य दाखवितो. आणि हे शून्य कागदावर अवर्षणाच्या शून्यासारखेच दिसते. शेजारच्या मंडळाची नोंद, ओढ्याचे पाणी, शेतातील वाफसा यांच्याशी ताळा पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ लावू नये. व्हॅन ॲलन यांच्या मंडळींनी शून्याच्या आधीचा व नंतरचा आकडा पाहिला आणि तसेच दुसरे यंत्र तपासून घेतले. गावात बसूनही एवढे करता येते.

पृथ्वीभोवतीचे पट्टे

१ मे १९५८ रोजी वॉशिंग्टन येथे हा शोध जाहीर करण्यात आला. पृथ्वीच्या चुंबकत्वाने विद्युत्भारित कण अवकाशात अडकवून ठेवले आहेत, असे निश्चित झाले. २६ जुलैस एक्सप्लोरर-४ सोडण्यात आला. त्यात मुद्दाम लहान ग्राहक बसविले होते व एका गणकास शिशाचे वेष्टण होते, म्हणजे गर्दीतही मोजणी चालावी. डिसेंबरात पायोनियर-३ हे सहा किलोंहूनही हलके यान एक लाख किलोमीटरांपलीकडे जाऊन परत पडले. त्याच्या नोंदींत असे पट्टे दोन असल्याचे दिसून आले. आतला पट्टा साधारणपणे एक हजार ते सहा हजार किलोमीटरांच्या दरम्यान असून त्यात वेगवान प्रोटॉन असतात. बाहेरचा तेरा हजार ते साठ हजार किलोमीटरांपर्यंत पसरलेला असून त्यात मुख्यतः इलेक्ट्रॉन आढळतात. सूर्यावरील घडामोडींप्रमाणे तो फुगतो व आक्रसतो. त्यांना व्हॅन ॲलन पट्टे असे नाव पडले.

सोव्हिएत शास्त्रज्ञांना हे का साधले नाही, असा प्रश्न येतो. त्यांचे कर्तृत्व लहान नव्हते. सेर्गेई व्हेर्नोव्ह यांचे गणक नोव्हेंबर १९५७ मध्येच स्पुटनिक-२ बरोबर वर गेले होते, आणि बाहेरच्या पट्ट्याच्या ज्ञानात व्हेर्नोव्ह व चुडाकोव्ह यांचा स्वतंत्र वाटा आहे. परंतु स्पुटनिक-२ ची नोंद त्यांच्या देशावरून जातानाच त्यांना ऐकू येई, आणि तेथे तो कमी उंचीवर असे. मे १९५८ मधील स्पुटनिक-३ चे वजन तर १,३२७ किलो होते. त्यात उपकरणांचा मोठा संच होता व फीतनोंदकही होता. तो फीतनोंदक नादुरुस्त झाला. तेराशे किलोंच्या उपग्रहाला जे सांगता आले नाही ते चौदा किलोंच्या उपग्रहाने सांगितले, याचे कारण त्याची लहानशी फीत चालली.

शोधाचा दुसरा भाग यंत्र बनविणाऱ्यांना जरा कडू होता. अवकाशात जेथे यंत्रे फिरावयाची तेथेच त्यांना मारणारे कण आहेत, हे कळले. १० जुलै १९६२ रोजी दूरचित्रवाणीचे संदेश समुद्रापार नेणारा टेलस्टार उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर अतिउंचावर अण्वस्त्राचा स्फोट केला होता, त्यामुळे पट्ट्यांत कणांची भर पडली होती. टेलस्टारचे ट्रँझिस्टर त्या माऱ्याने बिघडत गेले व १९६३ च्या फेब्रुवारीत तो कायमचा बंद पडला. यंत्रे जसजशी सूक्ष्म होत गेली तसा हा धोका वाढला. आजच्या सूक्ष्म मंडलात एखादी नोंद ठेवणारा विद्युत्भार इतका अल्प असतो की, एकच कण आरपार गेला तर शून्याचा एक होतो किंवा एकाचा शून्य. यावर धातूचे वेष्टण हा एक उपाय. पण वेष्टणालाही वजन असते. दुसरा उपाय पंचायतीच्या रीतीचा आहे. एकच हिशेब तीन मंडलांना करावयास द्यावा व दोघांचे जुळेल ते खरे धरावे. डॉक्टरेटनंतर अवकाश-उपकरणांच्या क्षेत्रात येणारे अनेक तरुण संशोधक आजही याच कामात गुंतलेले असतात : उपकरण लहान कसे करावे, आणि लहान केल्यावर ते खरे बोलते याची खात्री कशी करावी. खुद्द पट्ट्यांच्या अभ्यासासाठी ऑगस्ट २०१२ मध्ये सोडलेल्या दोन यानांनी २०१९ पर्यंत त्यांच्यात राहून काम केले, आणि आरंभीच, थोडे दिवस टिकलेला एक तिसरा पट्टाही नोंदविला.

आपल्याकडे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा, एक किलोहून किंचित कमी वजनाचा उपग्रह तयार केला व तो २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. एका ठिकाणचा संदेश घेऊन तो साठवावयाचा व दुसऱ्या ठिकाणी पोहोचताच सांगावयाचा, अशी त्याची योजना होती. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या आय. आय. टी.चा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोंचा उपग्रह गेला. वरच्या वातावरणातील इलेक्ट्रॉन मोजण्याचे काम त्याला नेमून दिलेले होते.

जॉर्ज लुडविग पुढे नासात गेले व १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हवामान-उपग्रहांच्या कामात जबाबदारीच्या पदांवर होते. व्हॅन ॲलन आयोवातच राहिले. वयाच्या एक्याण्णव्या वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, त्यांचे निधन झाले. एक्सप्लोरर-१ चे घट १९५८ च्या मे महिन्यातच संपले होते. मुका झालेला तो उपग्रह त्यानंतरही पृथ्वीभोवती फिरत राहिला व ३१ मार्च १९७० रोजी वातावरणात शिरून जळून गेला.

आपल्या हवामान खात्यास ढगांची चित्रे देणारा इन्सॅट-३डीएस हा उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडण्यात आला. त्याचे वजन २,२७४ किलो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, म्हणजे बाहेरच्या व्हॅन ॲलन पट्ट्यातच, त्याचे ठाणे आहे. त्याच्यावर ढग टिपणारा चित्रक आहे, तसेच निरनिराळ्या उंचीवरील तापमान व आर्द्रता मोजणारे उपकरणही आहे. त्याच्या नोंदी जमिनीवरील वेधशाळांच्या व फुग्यांनी वर नेलेल्या मापकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या जातात, आणि मगच त्यांचा उपयोग अंदाजासाठी करण्यात येतो.